मुतखडा झालेला पायलट परत उडतो का?

परवा रात्री सांगलीहून चुलतभावाचा फोन आला. पोरगा एनडीएची लेखी पास झालाय, एसएसबीची मुलाखत पण निघाली, घरात पेढे वाटून झाले, आणि मेडिकलच्या आधी आपलं एकदा बघून घेऊ म्हणून बाहेर सोनोग्राफी केली तर रिपोर्टात उजव्या किडनीत ३ एमएमचा खडा. पोराला काही म्हणजे काही त्रास नाही, कधी दुखलेलं नाही, सकाळी ग्राउंडवर पळून आला आणि तसाच सोनोग्राफीला गेला. भाऊ म्हणाला, दादा तू एवढी वर्षं एअर फोर्समध्ये डॉक्टर होतास, मला एकच सांग, हा खडा गुपचूप काढून टाकला आणि तिथं कुणाला बोललोच नाही तर चालतंय का? मी म्हटलं सकाळी फोन करतो. सकाळी अर्धा तास बोललो तरी मला जे सांगायचं होतं ते सांगून झालंच नाही, म्हणून आता इथे लिहून काढतोय.

कारण हे "कुणाला बोललोच नाही तर" मी आधी ऐकलेलं आहे, आणि ज्याच्या तोंडून ऐकलं तो तेव्हा रोज विमान उडवत होता.

२०११ चा मे महिना. राजस्थानातला एक बेस, नाव राहू दे. मी तिथे स्क्वॉड्रनचा डॉक्टर होतो. बाहेरच्या लोकांना वाटतं डॉक्टर म्हणजे दवाखान्यात बसणारा, पण फ्लाइंग स्क्वॉड्रनचा डॉक्टर सकाळच्या ब्रीफिंगला बसतो, क्रू रूममध्ये चहा पितो, कोण रात्री नीट झोपलेला नाही, कुणाच्या घरी काय चाललंय हे त्याला चेहऱ्यावरून कळायला लागतं. तर एका रात्री पावणेदहाच्या सुमाराला एक पायलट मेडिकल सेंटरला आला, साध्या कपड्यात. फ्लाइट लेफ्टनंट, मिग-२१ या लढाऊ विमानावर, आपल्या पश्चिम महाराष्ट्रातलाच पोरगा. ड्यूटीवरचा मेडिकल असिस्टंट समोर बसलेला, तो पंजाबचा. हा एरवी माझ्याशी हिंदी-इंग्रजीतच बोलायचा, त्या रात्री आल्या आल्या म्हणाला, "सर, मराठीत बोलू का?" तिथेच माझ्या लक्षात आलं की काहीतरी लपवायचं आहे.

काय झालं होतं ते असं. महिनाभरापूर्वी रजेवर असताना डाव्या कुशीत अशी कळ आली होती की तो बाथरूमच्या फरशीवर आडवा पडला, गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासाभरात थांबलं, रजा संपली आणि हा परत आला. आल्यावर मेडिकल सेंटरला काही बोलला नाही. आणि आदल्या दिवशी हवेत, एका कडक टर्नमध्ये, तीच जागा दुखली. कळ नव्हती म्हणाला, नुसती चमक, दोन-तीन सेकंद. "पण सर, त्या दोन-तीन सेकंदांत मला एवढंच सुचत होतं की आता ती तशी येणार." विमान नीट उतरवलं, डीब्रीफिंग केलं, कुणाला काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी रात्री माझ्याकडे आला. मी फक्त गोळी द्यावी, कागदावर काही येऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. पुढच्या महिन्यात युद्धसराव होता आणि सुखोईच्या कन्व्हर्जनसाठी, म्हणजे ते विमान उडवायला शिकण्यासाठी, नावं जाणार होती.

मी त्याला रात्रीच ग्राउंड केलं. उडणं बंद. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला खरंच खूप वाईट वाटलं, पण मला वाईट वाटण्याचा आणि त्या निर्णयाचा काही संबंध नव्हता.

आता हे का, ते नीट सांगतो, कारण ज्याला मुतखडा झालाय त्यालासुद्धा हे पटकन पटत नाही. कंबर दुखते, ऑफिसातून सुट्टी घ्यायची, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घ्यायचं, अर्ध्या तासात माणूस उठून बसतो. मग पायलटचं एवढं काय? तर सिंगल सीटर फायटरमध्ये, म्हणजे एकट्यानेच उडवायच्या लढाऊ विमानात, तो अर्धा तास मिळत नाही. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. जमिनीपासून शंभर मीटरवरून तुम्ही जाताय आणि दहा सेकंद तुमचं लक्ष पोटातल्या कळेकडे गेलं तर तेवढ्यात विमान अडीच किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि वाटेत एखादी टेकडी असली तर ती काही थांबत नाही. शेजारी बसून "मी घेतो कंट्रोल" म्हणणारं कुणी नाही.

त्यात जी फोर्स, म्हणजे कडक वळणात शरीरावर पडणारा वजनाच्या कित्येक पट भार. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये, जी १९५७ पासून आहे, आम्हाला कोर्सला असताना सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे माणसाला जोरात गोल फिरवणाऱ्या यंत्रात, बसवतात. ५ जी म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला आपण साडेतीनशे किलोचे झालोय असं वाटतं, हात उचलायचा म्हटलं तरी विचार करावा लागतो, रक्त खाली पायांकडे जातं, डोळ्यांसमोर कडेकडेने अंधार यायला लागतो. तेव्हा पायलट काय करतो, तर पाय, मांड्या, पोट सगळं घट्ट आवळतो, श्वास रोखून जोर लावतो, मग एकदम झटकन श्वास बदलतो, पुन्हा आवळतो. वरून अँटी-जी सूट पोटावर आणि पायांवर फुगून दाबतो. आता ज्याच्या कुशीत मुतखड्याची कळ उठलीय त्याने पोट आवळून दाखवावं. नाही आवळता येत. आणि नाही आवळलं तर शुद्ध जाते. अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, मुतखड्याच्या कळेबरोबर उलटी येते, बऱ्याच जणांना येते, आणि फायटर पायलटच्या तोंडावर ऑक्सिजन मास्क घट्ट बसवलेला असतो. त्या मास्कमध्ये उलटी झाली तर काय होईल हे मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला कमांड हॉस्पिटलला पाठवलं. सीटी झाला, विना-डायचा साधा सीटी, मुतखड्यासाठी तोच सगळ्यात खात्रीचा. डावीकडे मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला, जिथे ती मूत्राशयात शिरते तिथे, ४ एमएमचा खडा. आणि उजव्या किडनीत खालच्या कप्प्यात ५ एमएमचा दुसरा, ज्याची त्याला काही कल्पनाच नव्हती. डावीकडचा दहा-बारा दिवसांत लघवीवाटे पडला. ५ एमएमपेक्षा लहान खडे तीनातले दोन तरी आपोआप पडतात, पाणी आणि धीर पुरतो. हा पडल्यावर स्वारी खूश. फोन केला, सर, गेला खडा, आता मेडिकल बोर्डाला कधी पाठवताय?

मी म्हटलं, आणि उजवीकडचा?

"तो दुखत नाहीये सर. पाच तर एमएम आहे."

इथे मला थांबायचंय, कारण हाच मुद्दा आहे आणि हाच माझ्या चुलतभावाच्याही डोक्यात शिरत नव्हता. आपल्याला वाटतं मोठा खडा म्हणजे धोका, छोटा म्हणजे किरकोळ. किडनीच्या तब्येतीसाठी ते बऱ्याच अंशी खरंय. पण कळ कशामुळे येते, खडा हलल्यामुळे, नळीत अडकल्यामुळे आणि मागे लघवी तुंबून किडनीवर ताण आल्यामुळे. दीड सेंटीमीटरचा खडा किडनीच्या कप्प्यात दगडासारखा बसून राहतो, त्याला नळीच्या तोंडात शिरताच येत नाही, कित्येक लोक वर्षानुवर्षं तो घेऊन फिरतात. ३-४-५ एमएमचा खडा मात्र कप्प्यातून सुटतो, नळीत उतरतो आणि नळी तर आतून जेमतेम तेवढीच. म्हणजे अचानक कळ येणं याच हिशेबाने बघायचं तर पायलटच्या पोटातला लहान खडा मोठ्यापेक्षा वाईट. आणि तो कधी सुटेल हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही, उद्या सुटेल, दहा वर्षांनी सुटेल, कधीच सुटणार नाही. शाळेतल्या मास्तरला मी सांगेन की राहू दे, वर्षातून एकदा सोनोग्राफी कर, पाणी पी. एकट्याने मिग उडवणाऱ्याला नाही सांगू शकत. युरोपातल्या युरॉलॉजीच्या गाइडलाइन्समध्येसुद्धा खडा काढायच्या कारणांमध्ये पेशंटचा व्यवसाय हे एक कारण स्पष्ट लिहिलेलं आहे, न दुखणारा असला तरी.

मग काढायचा कसा, यावरही पायलटसाठी वेगळा विचार करावा लागतो. आणि इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाहेरून शॉक वेव्ह मारून खडा फोडायचं जे तंत्र आहे, लिथोट्रिप्सी, ते विमानाच्या कारखान्यातून आलेलं आहे. जर्मनीची डॉर्निअर कंपनी, विमानं बनवणारी, त्यांचे इंजिनिअर आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूचं काय नुकसान होतं याचा अभ्यास करत होते, त्या धक्क्याच्या लाटा घन वस्तूतून कशा जातात, कुठे फोडतात हे बघत होते. त्यातून हे मशीन झालं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या पेशंटचा मुतखडा पोटाला एक टाकासुद्धा न घालता फुटला. ख्रिश्चन चाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. डॉर्निअर हे नाव कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना वेगळ्याच कारणाने माहीत असेल, किनाऱ्यावर घिरट्या घालणारं नौदलाचं आणि कोस्ट गार्डचं ते दोन पंख्यांचं छोटं विमान, डॉर्निअर २२८, आपल्याकडे एचएएल कानपूरला बनवते. मला हे दोन्ही एकाच घरातलं आहे हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता आणि अजून होतो.

पण लिथोट्रिप्सीत खडा फुटतो म्हणजे त्याचे तुकडे होतात. ते तुकडे पडायला दिवस लागतात, आठवडे लागतात, आणि किडनीच्या खालच्या कप्प्यातले तर विहिरीच्या तळाशी राहावेत तसे तिथेच राहतात. डॉक्टरांच्या भाषेत ४ एमएमच्या आतले राहिलेले तुकडे "बिनमहत्त्वाचे" म्हणून सोडून द्यायची पद्धत होती. वर जे लिहिलं ते वाचलं असेल तर कळेल की पायलटसाठी नेमके तेच तुकडे महत्त्वाचे. म्हणून त्याच्या युरॉलॉजिस्टने आरआयआरएस करायचं ठरवलं, म्हणजे लघवीच्या वाटेने वाकणारी बारीक दुर्बीण किडनीपर्यंत न्यायची, होल्मियम लेझरने खडा फोडायचा आणि तुकडे बास्केटने वेचून बाहेर काढायचे, बाहेर कुठे चिरा नाही. दोन आठवडे आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी, होता, त्याचा त्रास झाला, लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, थोडं रक्त. स्टेंट असताना उडणं अर्थातच नाही. स्टेंट काढल्यावर पुन्हा सीटी, दोन्ही बाजू स्वच्छ. खडा नाही, तुकडा नाही.

खडा पडायला मदत म्हणून टॅमसुलोसिन नावाची गोळी बरेच डॉक्टर देतात, नळी सैल करते. चांगली गोळी आहे. पण ती रक्तदाबही उतरवू शकते, उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, आणि ज्याला ७-८ जी झेलायचेत त्याच्यासाठी तर ती गोळी पोटात असताना कॉकपिटच्या जवळपासही जायचं नाही. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकाचं तर विचारूच नका. लपवणारा पायलट नेमकं हेच करतो, बाहेरून गोळ्या घेतो आणि उडतो. त्या रात्री मी त्याच्याकडून शर्टाच्या खिशातली पट्टी काढून घेतली होती, त्यात दोन गोळ्या कमी होत्या. कधी घेतल्या मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

आता कॅटेगरीचं. एअर फोर्समध्ये मेडिकल कॅटेगरीचे दोन भाग, ए म्हणजे उडण्याचा, जी म्हणजे जमिनीवरच्या ड्यूटीचा. ए-१ जी-१ म्हणजे सगळ्याला फिट. ए-४ म्हणजे उडणं बंद. पुढे टी आणि आकडा असतो, टी म्हणजे टेंपररी आणि आकडा आठवड्यांचा. पायलट लोकांना या अक्षरांची जी धास्ती असते ती बाहेरच्यांना कळणार नाही, घरी बायकोला सांगत नाहीत, मेसमध्ये आवाज हळू करून बोलतात, "लो मेडिकल" झालाय म्हणतात जसं काही त्याचं चारित्र्यच खाली आलंय. पण त्या टी कडे बघा ना. टेंपररी. त्याचा अर्थच हा की सिस्टीम तुम्हाला परत घ्यायला बसलीय. खडा निघाला, सीटी स्वच्छ, किडनीचं काम नीट, खडे का होतात याची तपासणी झाली, काही महिने नवीन काही दिसलं नाही, की रीकॅट बोर्ड, म्हणजे कॅटेगरी पुन्हा ठरवणारं मेडिकल बोर्ड, टप्प्याटप्प्याने वर नेतं, आधी दुसऱ्या पायलटबरोबर, मग एकट्याने. अमेरिकेचं हवाई दल असो किंवा आणखी कुणाचं, तपशील वेगळे असतील, मूळ विचार हाच आहे, खडा शरीरात शिल्लक आहे का आणि परत होण्याची शक्यता किती. ट्रान्सपोर्टच्या पायलटला शेजारी को-पायलट असतो म्हणून त्याचं लवकर जमतं, सिंगल सीटरवाल्याला जास्त थांबावं लागतं, यात अन्याय काही नाही.

खडे का होतात याची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच लोक टाळतात. खडा पडला की त्याचं पृथक्करण करून घ्यायचं, टाकून द्यायचा नाही. त्याचा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, बहुतेकांचा तोच असतो. युरिक अॅसिडचा असता तर लघवीचं आम्लपण कमी करून तो विरघळवता तरी आला असता. मग २४ तासांची लघवी जमा करायची. मी त्याला सांगितलं की हॉस्पिटलात आराम करताना, बायको दर तासाला पाणी देतेय अशा दिवशी जमा करू नको, बेसवर नेहमीच्या दिवशी कर, जसा एरवी वागतोस तसा वाग. तो मोठा कॅन घेऊन आला, आत ९०० एमएल. चोवीस तासांत ९०० एमएल, राजस्थानात, जूनमध्ये. खडे होणाऱ्या माणसाची लघवी दिवसाला अडीच लिटर तरी व्हायला पाहिजे. खडा होऊ न देणारं सायट्रेटही कमी होतं. कॅल्शियम वगैरे बाकी सगळं ठीक. म्हणजे आजार असा काही नव्हताच, माणूस सुकलेला होता.

आणि का सुकलेला होता, तर फायटर पायलट मुद्दाम पाणी पीत नाहीत. ही गोष्ट मी प्रत्येक बेसवर पाहिली. पहाटे साडेचारला उठायचं, अर्धा कप चहा, ब्रीफिंग, मग ओव्हरऑल, त्यावर जी-सूट, हार्नेस, ग्लव्हज, हेल्मेट, आणि एकदा पट्टे आवळून बसलं की उठता येत नाही. सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, पाऊण तासाचीच असते, पण आधीची तयारी, टॅक्सीवेवर थांबणं, नंतर विमान लावणं, डीब्रीफ, सगळं मिळून तीन-तीन तास जातात. उन्हात कॉकपिटच्या बंद काचेखाली बसलेला माणूस घामाने निथळतो. लघवीची पिशवी मिळते पण एवढे थर सोडून ती वापरायची म्हणजे कसरत, त्यापेक्षा पाणीच नको. लांबच्या उड्डाणांत तर आणखी कठीण, २०२० च्या जुलैत फ्रान्सहून पहिली पाच राफेल निघाली तेव्हा अबू धाबीजवळच्या तळापर्यंतचा पहिला टप्पाच सात तासांहून जास्त होता, हवेत इंधन भरत. सात तास त्याच खुर्चीत. आणि २०१६ पासून आपल्याकडे मुलीही फायटर उडवतात, त्यांच्यासाठी ही सोय आणखी अवघड आहे, त्यावर नीट, मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे, लाजायचा विषयच नाही हा.

पाणी कमी प्यायल्याने फक्त खडेच होतात असंही नाही. शरीर सुकलेलं असलं की रक्त कमी, रक्त कमी की जी झेलायची ताकदही कमी. म्हणजे सोयीसाठी तहान मारणारा पायलट आजच्या सॉर्टीतही स्वतःची ढाल पातळ करतो आणि पुढच्या पाच वर्षांसाठी खडाही पेरतो. त्यात हे बेस कुठे आहेत बघा, जोधपूर, जैसलमेर, बिकानेरजवळचं नाल, बाडमेरजवळचं उत्तरलाई, भुज, नलिया, जामनगर. मुतखड्याच्या पुस्तकात आपल्या देशाचा जो स्टोन बेल्ट सांगितलेला असतो तो हाच सगळा वायव्येचा भाग, आपला महाराष्ट्रही त्याला लागूनच, खानदेश-विदर्भातल्या डॉक्टरांना विचारा उन्हाळ्यात किती पेशंट येतात.

मध्ये एकदा त्याच्या आईचा फोन आला होता. माउली घाबरलेली. "डॉक्टरसाहेब, मी त्याचं दूध-दही बंद केलंय, आणि हुलग्याचं माडगं द्यायला सुनेला सांगितलंय, चालेल ना?" मी म्हटलं माडगं जरूर द्या काकू, पातळ करून द्या, पोटात पाणी जाईल, फक्त मीठ हात राखून टाका. पण दूध-दही परत सुरू करा. हा गैरसमज घराघरात आहे की कॅल्शियमचा खडा म्हणजे कॅल्शियम बंद. उलटं आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं, दूध-दही बंद केलं की ऑक्झलेट मोकळं रक्तात येतं आणि किडनीत जाऊन खडा करतं. कमी करायचं ते मीठ, कारण मीठ जास्त की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. लोणचं, पापड, फरसाण. मटण-चिकन बेताचं. पालक, बीट, काजू-बदाम मूठमूठ खाऊ नयेत. लिंबू चांगलं, त्यात सायट्रेट असतं, पण आपण लिंबू सरबतात चमचाभर मीठ घालतो तिथे घोळ होतो. आणि बिअरने खडा पडतो हे मला आजवर निदान दोनशे लोकांनी सांगितलं असेल, बिअरने लघवी होते आणि नंतर माणूस आणखी सुकतो, पायलटने तर हा उपाय ऐकूसुद्धा नये.

त्याला पोटॅशियम सायट्रेट दिलं. थायझाइडची गोळी काही जण लघवीतलं कॅल्शियम कमी करायला देतात, ती लागलीच नाही आणि मला ती वाळवंटातल्या पायलटला द्यायचीही नव्हती, सोडियम-पोटॅशियम उतरतं, रक्तदाब उतरतो. २०२३ मध्ये नोस्टोन नावाची मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली, तिच्यात तर हायड्रोक्लोरोथायझाइडने खडे परत व्हायचं प्रमाण फारसं कमी झालेलं दिसलंच नाही. पाण्याएवढं औषध नाही. फक्त किती पाणी प्यायलो हे मोजायचं नाही, किती लघवी झाली ते बघायचं. मी क्रू रूमच्या टॉयलेटमध्ये लघवीच्या रंगांचा तक्ता लावला होता, फिकट पिवळ्यापासून गडद चहापर्यंत, सुरुवातीला पोरं हसली, मग सॉर्टीच्या आधी बघून यायला लागली.

दहा महिने लागले त्याला. ते कन्व्हर्जन हुकलं, त्याच्या नंतरच्या बॅचचे दोघे पुढे गेले, हे मी लपवत नाही, किंमत पडली. पण आधी ट्रेनरमध्ये इन्स्ट्रक्टरबरोबर, मग एकटा. ज्या सकाळी पहिल्यांदा एकटा गेला त्या सकाळी मी टॅक्सीवेच्या कडेला जीपमध्ये बसून होतो. उतरला, हेल्मेट काढलं आणि सगळ्यात आधी पाण्याची बाटली तोंडाला लावली. पुढे तो सुखोईवर गेलाच. मिग-२१ गेल्या वर्षी, २६ सप्टेंबर २०२५ ला, चंदीगडला निरोप देऊन सेवेतून गेलं, त्या दिवशी त्याचा मेसेज आला होता, मराठीत, एकच ओळ, "सर, त्या रात्री गोळी दिली असती तर?" मी काय उत्तर देणार.

आता हेच वर अंतराळात गेलं की आणखी गंभीर होतं, तिथे वजनच नसल्याने हाडांतलं कॅल्शियम सुटून लघवीत येतं. १९८२ मध्ये सोव्हिएत सॅल्यूत-७ या अंतराळ स्थानकावर एका अंतराळवीराला मुतखड्यासारखी कळ उठली होती आणि मोहीम सोडून परत आणायचा विचार करावा लागला होता. गगनयानसाठी निवडलेले चौघेही एअर फोर्सचेच टेस्ट पायलट, त्यांची निवड बंगळुरूच्या त्याच इन्स्टिट्यूटमधून झाली. पण त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन, विषय मोठा आहे.

परत भावाच्या पोराकडे. भरतीच्या मेडिकलमध्ये नियम कडक आहे, खडा कितीही लहान असो, एक असो दोन असोत, अडथळा करो न करो, अनफिट. आधी होऊन गेलेला असला तरी. भाऊ म्हणाला, मग तुझ्या त्या पायलटला कसा घेतला परत? बरोबर आहे प्रश्न. तो आधीच तयार पायलट होता, त्याच्यावर वर्षं खर्च झालेली, त्याच्यावर लक्ष ठेवायला मी होतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या पुढे तीस-पस्तीस वर्षांची नोकरी आहे, एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा वर्षांत परत होतो, तेव्हा घेताना ते कडकच बघणार. मला त्या पोरासाठी वाईट वाटतं. लहानपणापासून त्याच्या भिंतीवर विमानांचे फोटो आहेत.

पण एक गोष्ट अजून नक्की नाहीये आणि तीच मी भावाला दोनदा सांगितली. ३ एमएम सोनोग्राफीवर म्हणजे खडाच असतो असं नाही, किडनीतली चरबी किंवा रक्तवाहिनीची भिंतसुद्धा तशी चमकते, आणि असलेला खडाही सोनोग्राफीत बऱ्याचदा मोठा दिसतो. त्यात पोरगा पळून आला होता, पाणी न पिता. म्हणून आधी भरपूर पाणी पाजून, अनुभवी रेडिओलॉजिस्टकडे परत सोनोग्राफी, आणि तरी शंका राहिली तर कमी डोसचा सीटी. खडा नसेल तर रिपोर्ट हातात घेऊन ताठ मानेने जा. असेल तर फॉर्मवर खरं लिही. भाऊ बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, पोराला तूच सांग दादा, माझ्याच्यानं नाही व्हायचं. मी पोराला फोनवर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काका, खडा निघालाच तर ग्राउंडवर, म्हणजे विमानाच्या जवळ, दुसरं काय काय करता येतं?

गुरुवारी सकाळी त्याची सोनोग्राफी आहे. मी बुधवारी रात्रीच सांगलीला पोचतोय.